बारा तास वीस मिनिटं

प्रिय गोगलगाय,

हे पत्र मी बोलते आहे आणि खालच्या मजल्यावरची तुझी भोंगामावशी लिहिते आहे. तेव्हा अक्षर तिचं आणि अक्कल माझी, हे आधीच सांगून ठेवते. चार ओळी झाल्या की ती मला वाचून दाखवते, आणि आयुष्यभर विमानतळावर माइकसमोर बसून घोषणा केल्यामुळे ती काहीही वाचायला लागली तरी मला उठून रांगेत उभं राहावंसं वाटतं. मघाशी तिनं ‘प्रिय गोगलगाय’ असं वाचलं तेव्हा तू दार क्रमांक सातवर ताबडतोब हजर व्हावंस असाच तिचा सूर होता. निवृत्त होऊन तिला चार वर्षं झाली, पण घसा काही निवृत्त झालेला नाही. आजोबांनी तिला भोंगा हे नाव उगाच ठेवलं नव्हतं.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून. मी खोकले की तू विचारतेस खोकला कधीपासून आहे, मी गप्प बसले की विचारतेस गप्प का. आणि फोनवर मला तुझा श्वास ऐकू येतो. तो ऐकला की मी जे बोलायचं ठरवलेलं असतं ते गिळून टाकते आणि हवा कशी आहे ते विचारते. नऊ वर्षं मी तुला हवा कशी आहे ते विचारते आहे. तुझ्या शहरातल्या हवेची इतकी माहिती तिथल्या वेधशाळेलाही नसेल.

घर आहे तसंच आहे. जिन्यातला तिसऱ्या पायरीचा दिवा पुन्हा गेला. समोरच्या शिंप्यानं दुकान मुलाला दिलं आणि आता तो दिवसभर बाहेर खुर्ची टाकून मुलाला चुका सांगतो. तुझी खोली मी बंद केलेली नाही. आजोबांची खुर्ची खिडकीशी आहे, तिच्याशेजारी तिवईवर पृथ्वीचा गोल. गोल फिरवला की त्याचा आस अजून कुरकुरतो. तेल घाल म्हणून तू तीनदा सांगितलंस, मी घातलं नाही. त्याचं कारण पुढे येईल.

या गोलाबद्दल आधी थोडं बोलू दे. तू सहा वर्षांची असताना तुझे आईबाबा गेले आणि तू आमच्याकडे आलीस, त्याच वर्षी शाळेनं जुनं सामान काढलं त्यातून आजोबांनी तो उचलून आणला. तुला शाळेत पोचवायला ते जायचे आणि तू इतकी रमत-गमत, दप्तराखाली वाकून चालायचीस की त्यांनी तुझं नाव गोगलगाय ठेवलं. मोजणी खात्यात चौतीस वर्षं साखळी घेऊन शेतं, रस्ते, नदीचे काठ मोजलेला माणूस. त्यांना मोजल्याशिवाय काही खरं वाटत नसे. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या माहेरापासून त्यांच्या घरापर्यंत किती साखळ्या होतात हे त्यांनी मला सांगितलं होतं, आणि मला वाटलं होतं की हा माणूस आता पुढे काहीतरी गोड बोलेल. तेच गोड होतं, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

तू समुद्राचा तळ मोजायच्या नोकरीवर निघालीस त्या दिवशी त्यांनी शिलाईच्या डब्यातला पांढरा दोरा काढला. एक गाठ आपल्या गावावर ठेवली, दुसरी तुझ्या गावावर. दोरा ताणला तर तो गोलाच्या डोक्यावरून, त्या पांढऱ्या बर्फावरून गेला. मी म्हटलं, इतकी वाकडी वाट कशाला, पोरीला थंडी वाजेल. ते म्हणाले, हीच सरळ वाट. सपाट नकाशावर ती वाकडी दिसते, पण पृथ्वी सपाट नाही त्याला ती काय करणार. तेरा हजार दोनशे किलोमीटर. हा आकडा ते देवाचं नाव घ्यावं तसा घ्यायचे. मला हजार काय आणि लाख काय. मी माझा हात दोऱ्यावर ठेवला आणि मोजलं: एक वीत, चार बोटं. तेव्हापासून तू माझ्यापासून एक वीत चार बोटं लांब आहेस. गोलावरची नावं मला वाचता येत नाहीत, पण तुझ्या गावाजवळ रंगाचा एक टवका उडालेला आहे, त्यामुळे तू कुठे आहेस ते मला अंधारातसुद्धा बोटानं सापडतं.

भोंगानं मग वेळ सांगितला. तिकडून इकडे सरळ विमानानं सोळा तास चाळीस मिनिटं, इकडून तिकडे मात्र पाऊण तास कमी. वाट एकच, मग यायला जास्त आणि जायला कमी असं कसं, म्हणून मी तिच्याशी भांडले. ती म्हणाली, काकू, वरती वारा असतो, तो एकाच बाजूला वाहतो. मी म्हटलं, म्हणजे जाणाऱ्याला ढकलतो आणि येणाऱ्याला अडवतो. ती म्हणाली, हो, तसंच. त्या दिवशी आजोबांनी गोल भिंतीकडे फिरवून ठेवला.

तू दर वेळी यायला निघालीस की आम्ही दोघं तुझ्याबरोबर प्रवास करायचो, हे तुला ठाऊक आहे, पण किती ते ठाऊक नाही. तुझं विमान सुटलं की भोंगा खालून ओरडून सांगायची, आणि आजोबा खुर्चीत बसायचे. दर तासाला दोऱ्यावर बोट सरकवायचे. आता बर्फावर आली. आता त्या मोठ्या सरोवरावर. आता जेवण देतील. सोळा तास चाळीस मिनिटं तो माणूस जागचा हलायचा नाही, फार तर कशाला हलावं लागतं तेवढ्यापुरता. मी चिडवायचे, पट्टा बांधलाय का. शेवटचे तीन तास राहिले की ते बूट घालायला घ्यायचे. विमानतळ घरापासून पाऊण तासावर, तरी ते तीन तास आधी बूट घालून बसायचे. तुझं विमान उशिरा येणार असलं तर भोंगा घरी फोन करून सांगायची, आणि तेसुद्धा तिच्या पद्धतीनं: आधी अर्धा तास, मग आणखी एक तास, मग काय ते. ती म्हणायची की उशीर माणसाला कधी एकदम सांगू नये. दोन घास करून भरवावा, म्हणजे उतरतो.

तिची ही पद्धत लक्षात ठेव.

आता तुझी बातमी. तू मागच्या आठवड्यात सांगितलंस की तुला त्या दक्षिणेकडच्या बंदरावर प्रमुख म्हणून बोलावलं आहे. तिथल्या समुद्राचा तळ अजून कुणी नीट मोजलेला नाही, हे तू ज्या आवाजात सांगितलंस तो मी ओळखते. आजोबा नवीन साखळी हातात घेताना त्याच आवाजात बोलायचे. आणि त्याच दमात सांगितलंस की तू नाही म्हणणार आहेस. कारण तिथून सरळ विमान नाही. आधी बोट, मग एक विमान, मग दुसरं, मग तिसरं. त्रेचाळीस तास. मी गोलावर ते बंदर भोंगाकडून शोधून घेतलं. एक वीत, सात बोटं. तीन बोटांसाठी तू नाही म्हणते आहेस. महिनाअखेरीला उत्तर द्यायचं आहे म्हणालीस. मी म्हटलं, हवा कशी आहे.

गोगलगाय, मला तुझं सगळं माहीत आहे. तुझ्या दाराशी भरलेली बॅग असते. पासपोर्ट उशीखाली असतो. पाण्यावर दोन दिवसांहून जास्त राहावं लागेल अशी बोट तू घेत नाहीस, कारण तिथे फोन लागत नाही. तो मास्तर, जो तुला आवडत होता आणि आम्हालाही फोटोत बरा वाटला होता, त्याला दुसऱ्या शहरात जायचं होतं म्हणून तू त्याला सोडलंस. सरळ विमान होतं का तिथून, असं मी तुला विचारलं होतं. तू नाही म्हणालीस आणि विषय बदललास. घर पाठीवर घेऊन फिरतेस, म्हणजे नाव अगदी बरोबर ठेवलं होतं आजोबांनी. आणि दर वर्षी त्यांच्या दिवशी, ते गुरुवारी गेले असं धरून त्या तारखेला, तू पहाटे फोन करतेस, रडतेस, आणि शेवटी तेच म्हणतेस. बारा तास वीस मिनिटं.

पहिल्यांदा म्हणालीस ते त्यांच्या पलंगाशी उभं राहून. सरळ विमानानं आले असते तर सोळा चाळीस, दोन विमानांनी आले म्हणून एकोणतीस तास, फरक बारा तास वीस मिनिटं. आणि सरळ विमान तर सुटणारही पाच तास आधी होतं. आणि ते माझ्या तीनच तास आधी गेले. म्हणजे ते जिवंत असताना मी पोचले असते, आज्जी, चौदा तास त्यांच्याजवळ बसले असते. मी अडाणी बाई. वजाबाकी मलाही येते, पण तू ती करशील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मोजणीदाराच्या मांडीवर वाढलेली पोर मोजल्याशिवाय राहील का, एवढं तरी मला सुचायला हवं होतं.

आज तारीख कोणती ते बघ. भोंगानं पाकिटावर घातली आहे. तू फोन करशील तो दिवस उद्याचा. आजचा दिवस मधला. हा मधला दिवस नऊ वर्षं या घरात येतो आणि त्याबद्दल मी कुणाशी बोललेले नाही. काल संध्याकाळी साडेपाच वाजता सुरू झालं. दर वर्षी तेव्हाच सुरू होतं आणि परवा सकाळी तुझं विमान उतरलं त्या वेळेला, साडेसहाला, थांबतं. नाही, परवा नाही, उद्या. मला दिवस नीट सांगता येत नाहीत, कारण मधेच घड्याळ चुकीचं वाटायला लागतं. आधी आस कुरकुरतो. मी स्वयंपाकघरात असते, बाहेर कुणी नसतं, आणि गोल थोडा फिरतो. जाऊन बघावं तर दोरा, जो मी खुंटीला अडकवलेला असतो, तो तिथेच असतो, पण गोल समुद्रावर थांबलेला असतो. वारा असेल. खिडकीची फट मी कागदानं बुजवली, तरी असेल. म्हणून मी आसाला तेल घातलं नाही. तो कुरकुरला नाही तर मला कळणार कसं.

मग पाऊल वाजतं. हे लिहिताना भोंगा माझ्याकडे बघते आहे, पण मी सांगणार. एकाच बुटाचं पाऊल. टक, आणि मग काही नाही. टक, आणि मग काही नाही. खुर्चीपासून दारापर्यंत, दारापासून खुर्चीपर्यंत. एका पायात बूट आणि दुसरा पाय अनवाणी असलेला माणूस चालला तर जसं वाजेल तसं. मला भीती वाटत नाही. पन्नास वर्षं त्या माणसाचे मोजे धुतले, त्याला काय भ्यायचं. मी दोन कप चहा करते आणि एक गार होऊ देते. मी बोलते. शिंप्याच्या मुलाचं सांगते, जिन्यातल्या दिव्याचं सांगते. ते ऐकत नाहीत. ते फक्त येरझाऱ्या घालतात, कुणाला तरी आणायला जायचं आहे आणि अजून निरोप आला नाही अशा. हे मला सहन होत नाही.

तर आता सांगते. भोंगा पेन खाली ठेवून बसली होती, म्हणाली काकू हे मी लिहिणार नाही. मी म्हटलं, तेव्हा बोललीस ना, मग आता लिही. तिनं पेन उचललं आहे.

आजोबा गुरुवारी पहाटे गेले नाहीत. ते मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला गेले. तू तेव्हा तिकीटसुद्धा काढलं नव्हतंस. तुला काही माहीतच नव्हतं. तिकडे पहाटेचे पाच वाजले होते, तू झोपेत असशील. ते खुर्चीत बसून बूट घालत होते, आम्ही दोघं भाजी आणायला निघालो होतो. एक बूट घालून झाला, नाडी बांधली, दुसरा हातात घेतला. मी पिशवी शोधत होते. पिशवी सापडली, मी म्हटलं चला, आणि ते तसेच वाकलेले राहिले. मला वाटलं नाडीची गाठ बसली असेल. मी आणखी एकदा चिडून चला म्हटलं. त्यांच्याशी मी शेवटचं बोलले ते हे. कोपऱ्यावरचे डॉक्टर जिना चढून आले, त्यांनी मनगट धरलं आणि ते खाली ठेवलं. मला वाचता येत नाही, पण हात कुणी कसा खाली ठेवतो ते मला वाचता येतं.

रुग्णवाहिका त्यांना हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली. मग मी भोंगाला बोलावलं आणि तुला फोन लावायला सांगितलं. तिनं नंबर फिरवला, आणि तो वाजत असताना मी एकदम तिचा हात धरला. मला तू दिसलीस. दोन बाजूंना दोन अनोळखी माणसं, मधे तू, पोटावर पट्टा, आणि सगळी वाट रडत. उठायचं नाही, खिडकी उघडायची नाही, कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवायचं नाही. सहा वर्षांची असताना तुला मी आईबाबांचं सांगितलं तेव्हा तू माझ्या मांडीवर होतीस. आता एक वीत चार बोटांवर होतीस. मी भोंगाला म्हटलं, उशीर सांगतेस तसं सांग. घास करून.

आणि बाईनं सांगितलं. एक शब्द खोटा नाही, हे तू आठवून बघ. आजोबा हॉस्पिटलमध्ये आहेत, म्हणाली. होते. कुठल्या मजल्यावर ते तू विचारलं नाहीस. तळघरात, जिथे गार ठेवतात तिथे होते. शांत आहेत, म्हणाली. त्रास नाही, म्हणाली. तू ये, म्हणाली. तू विचारलंस, आत्ताचं सरळ विमान पकडू की दुपारचं चालेल, मला नकाशे सोपवायचे आहेत, त्यावर एक बोट निघणार आहे. भोंगानं माझ्याकडे बघितलं. आणि मी हातानं खूण केली. चालेल. कारण चालणारच होतं, गोगलगाय. आता कशानंच काही बिघडणार नव्हतं. मधल्या विमानतळावरून तू पुन्हा फोन केलास, ते बोलू शकतील का विचारलंस. आत्ता नाही, भोंगा म्हणाली. तू आलीस की भेटतील. तेही खरंच. मग तू उतरलीस तेव्हा ती गणवेशात दाराशी उभी होती आणि तिनं शेवटचा घास दिला: तीन तासांपूर्वी. तेवढं एकच खोटं. ते तिचं नाही, माझं आहे. तुला वाटावं की ते तुझी वाट बघत होते, अगदी थोडक्यात चुकामूक झाली, एवढाच माझा हेतू. थोडक्यात चुकलेलं जास्त लागतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

हॉस्पिटलच्या नोकराला सांगून आजोबांना सकाळी वरच्या खोलीत आणून घेतलं होतं. तू त्यांचा हात धरलास आणि म्हणालीस, किती गार आहेत गं. मी म्हटलं, इथे एसी फार लावतात. तू म्हणालीस, एकच बूट का दिलाय त्यांनी पिशवीत. मी म्हटलं, दुसरा घरी राहिला. आणि त्यानंतर तू वजाबाकी केलीस. तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि तू माझ्या गळ्यात पडलीस. मग पुढच्या आठवड्यात सांगेन म्हटलं, मग पुढच्या वर्षी. मीही स्वतःला घास करूनच भरवत राहिले.

एक गोष्ट भोंगालाही माहीत नाही, तिला आत्ता लिहिता लिहिता कळेल. मी फक्त तुझ्यासाठी खोटं बोलले नाही. ते सदतीस तास जगात एक जागा अशी होती जिथे तुझे आजोबा जिवंत होते. ती जागा जमिनीपासून दहा किलोमीटर वर होती, बर्फावरून निघाली होती आणि खिडकीशी बसून ‘ते बरे होतील’ असं म्हणत होती. मी त्यांच्या खुर्चीत बसून दोऱ्यावर बोट सरकवत होते, त्यांच्यासारखं. आता बर्फावर आली. आता जेवण देतील. तुझं विमान कधी उतरूच नये असं मला वाटत होतं. आजी होऊन मी असं मागत होते की नातीनं आकाशातच राहावं. रडलेही नाही. रडले असते तर ते गेले असते. उतरलीस तेव्हा गेले. म्हणून दर वर्षी तू पहाटे फोन करून रडतेस, तेव्हा माझं दोन दिवस आधीच रडून झालेलं असतं, आणि मी कोरड्या डोळ्यांनी तुला हवा विचारते. आणि म्हणूनच ते येतात. साडेपाचपासून साडेसहापर्यंत. बरोबर तेवढेच सदतीस तास. आम्ही दोघींनी त्यांना तिथे अडकवून ठेवलं, ना इकडे ना तिकडे, एक बूट घालून.

आत्ता भोंगा लिहिता लिहिता थांबली. मी म्हटलं काय गं. म्हणाली काही नाही. पण ती दाराकडे बघते आहे. मी तिला विचारलं, तुला ऐकू येतं का. ती माझ्या हाताला हात लावून बसली. म्हणजे नऊ वर्षं मी एकटीनंच ऐकलेलं नव्हतं. ती खालच्या मजल्यावर राहते, तिच्या डोक्यावरच ती खोली. बिचारीला ऐकू येत नसेल असं एकमेकींबद्दल समजून आम्ही दोघी गप्प राहिलो. आता तिनं विचारलं, काकू, हे पत्र गेलं तर पुढच्या वर्षी ते येणार नाहीत का. मी म्हटलं, बहुतेक नाही. ती म्हणाली, मग पाठवायचं ना नक्की. मला एक मिनिट लागलं. तू समजून घे. मग मी म्हटलं, पाठवायचं.

या पत्रात एक कागद आहे. हॉस्पिटलनं दिलेला, त्यावर वार आणि वेळ आहे. तिवईखाली ठेवलेल्या शिलाईच्या डब्यात तो नऊ वर्षं होता आणि तुझ्या हाती लागू नये म्हणून मी त्यावर शिलाईच्या रिळांचा ढीग ठेवला होता. तू मोजणाऱ्यांच्या घरातली, माझ्या शब्दावर विश्वास ठेवणार नाहीस, कागदावर ठेव. आणि तो दोरा आहे. त्याला मी तिसरी गाठ मारली आहे, त्या बंदराची. एक वीत, सात बोटं, भोंगानं गोल धरला आणि मी ताणला. दोरा पुरला, उरलासुद्धा.

आता हे सगळं आजच का, ते ऐक, आणि महिनाअखेरीच्या आत ऐक. तू नाही म्हणते आहेस ते बारा तास वीस मिनिटांना. ते तुझे नाहीत. ते माझे आहेत, मी त्यांना हातानं खूण करून तुझ्या पिशवीत टाकलं, ते मला परत पाठव आणि तिकडे हो म्हणून सांग. तू कुठल्याही विमानानं आली असतीस तरी उशीरच झाला असता, म्हणजे तुला उशीर झालाच नव्हता. आता तू म्हणशील की या दोन बायांवर पुढे विश्वास कसा ठेवायचा, आजीला काही झालं तर या पुन्हा तेच करतील. करणारच. भोंगाची खोड जायची नाही. म्हणून आत्ताच ठरवून ठेवू. मी जिवंत असेन तोवर फोनवर मी स्वतः येईन आणि तुला काहीतरी टोचून बोलेन, कितीही आजारी असले तरी. पण एखाद्या दिवशी भोंगाचा फोन आला आणि तिच्या त्या आवाजात ती म्हणाली की आजी शांत आहे, तर समज. मी जन्मात कधी शांत होते का. मग धावू नकोस. हातातला नकाशा पुरा कर, बोट सोड, आणि सगळ्यात लांबच्या वाटेनं ये. मधल्या विमानतळावर पोटभर जेव. खिडकीशी बस. आणि रडायचं असेल तर खुशाल विमानातच रड, कारण तुला खरं माहीत असेल आणि मी कुणालाच कुठेही अडकवून ठेवलेलं नसेल. मी दोन्ही बूट घालून बसेन.

तुझीच,
एक वीत सात बोटांवरची आजी
(सहीच्या जागी दोऱ्याची गाठ आहे, ती सोडू नकोस)